काजूचे लक्ष: जून ते ऑक्टोबर २०२५ या काळातील प्रकल्प नोंदी

१ जून २०२५

काजू हा अंदाजे दोन वर्षांचा देशी कुत्रा आहे. पिल्लू असताना तो पुण्यात एरंडवण्यातील आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आला आणि यथावकाश तिसऱ्या मजल्यावर आमच्या घरी राहू लागला. घरात तो बसतो, पंजा देतो, सांगितले की गॅलरीत जातो. परंतु इमारतीच्या फाटकाबाहेर पाऊल पडले की दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणी माणूस आहे याची त्याला शुद्ध राहत नाही. दुचाकी, कचऱ्याची गाडी, मांजर किंवा पावाचा तुकडा यांपैकी जे आधी दिसेल तिकडे तो जातो आणि मी मागून फरफटत जाते. मे महिन्यात त्याच्यामुळे एका दुचाकीस्वाराला करकचून ब्रेक लावावा लागला, तेव्हा हे काम आता टाळता येणार नाही हे पक्के झाले.

उद्दिष्ट मुद्दाम लहान ठेवले आहे. रस्त्यावर असताना काजूने मधूनमधून आपणहून माझ्याकडे पाहावे आणि हाक मारल्यावर निदान मान वळवावी, एवढेच हवे आहे. पायाला चिकटून चालणे, मोकळे सोडून परत बोलावणे वगैरे गोष्टी या नोंदींत येणार नाहीत.

आज सुरुवातीची चाचणी घेतली. गल्लीत साध्या आवाजात त्याचे नाव घेतले, तर कानसुद्धा हलला नाही. घरी आल्यावर स्वयंपाकघरात पोळ्यांच्या डब्याचे झाकण अगदी हलक्या हाताने उघडले, तर गॅलरीत झोपलेला काजू दोन खोल्या ओलांडून ओट्यापाशी हजर झाला. कान उत्तम आहेत, तेव्हा तो प्रश्न निकालात निघाला. झाकण वाजले की काही तरी मिळते. नाव ऐकले की मात्र «काजू, नको», «काजू, सोड», «काजू, खाली उतर» यांपैकी काही तरी पुढे येते. त्या नावाकडे त्याने कान का द्यावा, याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

४ जून

घरातील सर्वांसाठी नियम केला: दोन आठवडे काजूला नावाने हाक मारायची नाही. काही थांबवायचे असेल तर जागेवरून उठून थांबवायचे. हा नियम सर्वांत जास्त माझ्याकडूनच मोडला जातो, असे मुलाचे निरीक्षण आहे.

दुसरी गरज होती ती एका खुणेची. कुत्र्याने हवे ते केले त्याच क्षणी «हेच बरोबर» असे सांगणारा एक ठराविक आवाज लागतो, कारण खाऊ तोंडापर्यंत पोहोचायला दोन-तीन सेकंद जातात आणि तेवढ्यात कुत्रा दुसरेच काही करू लागलेला असतो. जिभेने टाळूवर काढायचा आवाज प्रथम वापरून पाहिला. पण रस्त्यावरचा प्रत्येक माणूस कुत्रा दिसला की तसाच काही तरी आवाज काढतो, त्यामुळे तो बाद झाला. «छान» हा शब्द आमच्याकडे भाजीपासून बातम्यांपर्यंत सगळ्याला लागतो. शेवटी «टप» हा शब्द ठरला. तो तुटक आहे आणि घरात दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरला जात नाही.

पहिले काही दिवस फक्त एवढेच करायचे आहे: घरात, पंखा सोडून दुसरा आवाज नसताना, त्याने चेहऱ्याकडे पाहिले की «टप» म्हणायचे आणि मग पनीरचा तुकडा द्यायचा.

९ जून

काजू एकटक पाहू लागला आहे, परंतु माझ्या चेहऱ्याकडे नव्हे तर उजव्या हाताकडे. मुलाला मोबाइलवर चित्रण करायला सांगितले आणि ते सावकाश पाहिले, तेव्हा कारण सापडले. «टप» म्हणण्याआधीच माझा हात कमरेच्या पिशवीकडे निघालेला असतो. काजूच्या दृष्टीने बातमी हातच देतो. शब्द नंतर येतो आणि चेहऱ्याचा तर काहीच संबंध नाही.

उपाय असा केला. पनीरची डबी माझ्या मागे फडताळावर ठेवली, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि त्याची नजर वर आल्यावर आधी शब्द, मग एक श्वास आणि त्यानंतर हात, असा क्रम काटेकोरपणे पाळला. पहिल्या संध्याकाळी तो डबीकडे पाहत बसला, मग कुंईकुंई करून झाले, मग आडवा झाला. शेवटी «ही बाई आज अशी का उभी आहे» अशा मुद्रेने त्याने वर पाहिले आणि त्याला पनीर मिळाले. दोन दिवसांत फरक पडला. कमरेला पिशवी बांधून याच प्रकल्पाची सुरुवात करणाऱ्यांनी आधी स्वतःच्या हाताचे चित्रण करून पाहावे; आमचा जवळजवळ एक आठवडा त्यातच गेला.

खर्चाविषयी: तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा पुरतो. सुरुवातीला मी सुपारीएवढे तुकडे देत होते, त्यामुळे पनीरही लवकर संपले आणि काजूचे पोटही बिघडले. आता त्याच्या संध्याकाळच्या जेवणातूनच तेवढा भाग कमी करते.

१५ जून

मी बाहेर असताना काजू सासूबाईंच्या खुर्चीपाशी बसून असतो, कारण त्या त्याला पोळीचा तुकडा, शेंगदाणा किंवा नैवेद्याच्या वाटीतले बेदाणे देतात. पोळी आणि शेंगदाणा यांमुळे माझा सराव बिघडतो एवढेच. बेदाण्यांची गोष्ट वेगळी आहे. द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ल्यावर अपाय होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकही देऊ नये. हे त्यांना सांगितल्यावर त्या फार अस्वस्थ झाल्या. «अगं, मग इतके दिवस कुणी बोलला का नाहीत?» हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

त्यांना खाऊ देण्यास मनाई करण्याऐवजी पनीरची डबीच त्यांच्याकडे सोपवली. आता काजूने आपणहून पाहिले तरच «टप» म्हणून त्या तुकडा देतात आणि मधल्या वेळेत त्यांची पोथी चालू असते. माझ्यापेक्षा त्यांचा हात अधिक स्थिर आहे आणि त्यांना घाई नाही. घरातील सरावात सर्वांत मोठी भर त्यांची आहे, हे येथे नोंदवणे योग्य होईल.

२० जून

पालख्या आज पुण्यात आल्या. रस्ते बंद आहेत, घरात पाहुणे आहेत. सराव नाही.

२८ जून

घरातला सराव जिन्यात उतरवला आणि तो तिथेच कोसळला. घरात सलग माझ्याकडे पाहणारा कुत्रा दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या चपला हुंगत होता आणि पनीर नाकासमोर धरले तरी त्याला ते दिसत नव्हते. घरात शिकलेली गोष्ट कुत्रा बाहेर आपोआप नेत नाही. जागा बदलली की ती जवळजवळ नव्याने शिकवावी लागते. त्यामुळे दार, जिना, पार्किंग, फाटक आणि गल्ली असे टप्पे पाडले. प्रत्येक टप्प्यावर अपेक्षा पुन्हा अगदी खाली आणली: अर्धा क्षण नजर वळली तरी पुरे.

सर्वाधिक वेळ फाटकाने घेतला. येथील पद्धत पुढीलप्रमाणे होती. फाटकाच्या आत उभे राहायचे, दोरी सैल ठेवायची, तोंडातून शब्द काढायचा नाही आणि दोरी ओढायची नाही. काजू बाहेरचे सगळे पाहून घेतो, हवेत नाक फिरवतो, दोरीला एक-दोन हिसके देतो आणि काहीच घडत नाही असे लक्षात आल्यावर कधी तरी मागे वळून पाहतो. त्या क्षणी «टप», पनीर आणि लगेच फाटक उघडणे. पहिल्या दिवशी एवढा वेळ गेला की रखवालदार काकांनी जवळ येऊन विचारले, «ताई, रिक्षा बोलवू का?» आठवडाअखेरीस फाटकाशी पोहोचताच मान वळू लागली. पनीरपेक्षा फाटक उघडण्याचे मोल त्याला अधिक होते, असे आता मागे वळून पाहताना वाटते. पण ही गोष्ट नीट उमगायला सप्टेंबर उजाडला.

६ जुलै

मोकळ्या जागी सरावासाठी लांब दोरी हवी होती. रविवार पेठेतील बोहरी आळीत नायलॉनची दोरी आणि पितळी आकडा मिळाला. दुकानातील तयार दोरीच्या मानाने खर्च अगदी किरकोळ झाला. मात्र ही बचत महागात पडली. पहिल्याच दिवशी मांजर दिसल्यावर काजू सुटला आणि बारीक नायलॉन माझ्या तळहातातून सरकत गेले, त्यामुळे कातडी सोलवटून निघाली. नंतर त्याच आळीतून बोटभर रुंद सुती पट्टी आणली, तिला तोच आकडा शिवून घेतला आणि दर हातभर अंतरावर गाठ मारली, म्हणजे पट्टी पकडीतून निसटत नाही. पावसात ती ओली होऊन जड होते, एवढा दोष आहे.

लांब दोरी गळपट्ट्याला लावू नये. कुत्रा वेगाने टोकाला पोहोचला तर सगळा झटका मानेवर येतो. छातीवरून जाणारा हार्नेस घेतला आणि आकडा पाठीवरच्या कडीत अडकवला.

१६ जुलै

चार-पाच दिवसांपासून प्रगती उलट दिशेने चालली आहे. फाटकाशी काजू वळून पाहत नाही, गल्लीत दोन पावले चालून बसतो. यापूर्वी काही काळ ज्या प्रशिक्षकाची मदत घेतली होती त्यांना दूरध्वनी केला, तेव्हा सल्ला मिळाला: कुत्रा लाडावला आहे, दोन दिवस खाणे तोडा आणि गळ्यात आवळणारी साखळी घाला. ती साखळी पूर्वी वापरून झाली होती. तिच्यामुळे काजू माझ्याकडे पाहत असे हे खरे, पण मान खाली घालून आणि कान मागे पाडून. साखळी काढली की तेवढेही उरत नसे.

आज सासूबाईंनी जे टिपले ते माझ्या नजरेतून सुटले होते. त्यांनी दिलेला पनीरचा तुकडा काजूने तोंडात घेतला, क्षणभर धरला आणि फरशीवर ठेवून दिला. «याला बरं नाहीये,» एवढेच त्या म्हणाल्या. कानाच्या पाळीच्या आतल्या घडीत आणि पुढच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात गोचिडी निघाल्या. यंदा पाऊस मे महिन्याच्या अखेरीसच सुरू झाला, गवत लवकर वाढले आणि मी फक्त पाठ आणि पोट तपासत होते.

१८ जुलै

रक्ततपासणीत प्लेटलेट कमी निघाल्या. गोचिडीतून होणाऱ्या तापाचे निदान झाले. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चार आठवडे द्यायचे आहे. तपासणी, औषधे आणि डॉक्टरांची फी मिळून साडेतीन हजारांच्या घरात खर्च गेला, म्हणजे संपूर्ण प्रकल्पातील इतर सर्व खर्चाहून अधिक. खाणे तोडण्याचा सल्ला मानला असता तर काय झाले असते, याचा विचार नको वाटतो.

सरावाच्या दृष्टीने एक अडचण अनपेक्षित होती. दुग्धजन्य पदार्थांतील कॅल्शियममुळे हे औषध शरीरात नीट शोषले जात नाही, म्हणून गोळीच्या आगेमागे पनीर द्यायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणजे पर्याय उकडलेल्या कोंबडीचा. आमच्या स्वयंपाकघरात ती शिजत नाही. वाटाघाटींनंतर गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळे पातेले, वेगळी सुरी आणि दार बंद, या अटींवर परवानगी मिळाली. मीठ, कांदा, लसूण यांपैकी काहीही न घालता फक्त पाण्यात उकडायची आणि तुकडे करून आमच्या फ्रीजऐवजी शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवायची. शेजारणीचे आभार.

लक्ष कमी झाले की आधी अंग तपासावे. कान, बोटांच्या बेचक्या, काखा, शेपटीचे मूळ, गळपट्ट्याखालची जागा.

१७ ऑगस्ट

औषध संपले, भूक परतली. महिनाभर सराव नव्हता, पण फाटकावरची सवय शाबूत राहिली हे पाहून बरे वाटले.

दरम्यान गणेशोत्सव जवळ आल्यामुळे म्हात्रे पुलाच्या बाजूला नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव रंगात आला आहे. हे टाळता येण्यासारखे नाही, तेव्हा उपयोग करून घ्यायचे ठरवले. पहिल्या संध्याकाळी आम्ही अतिउत्साहाने थेट नदीकाठच्या रस्त्यावर गेलो. काजूने शेपटी पायांत घातली, जीभ बाहेर काढून धापा टाकू लागला आणि कोंबडीचा तुकडा त्याच्या ओठांवरून घरंगळून खाली पडला. एरवी जो पदार्थ तो हातासकट खाऊ पाहतो तो त्याने नाकारला, म्हणजे आपण फार जवळ आलो आहोत, एवढा स्पष्ट निरोप त्यात आहे. अशा वेळी «इकडे बघ, इकडे बघ» म्हणत उभे राहण्यात अर्थ नसतो. आम्ही मागे फिरलो आणि तो पुन्हा खाऊ लागेपर्यंत चालत राहिलो. ती जागा बरीच आत, एका गल्लीच्या तोंडाशी निघाली, जिथे ढोल ऐकू येत होता पण छातीत दणका बसत नव्हता.

तिथून काम सुरू केले. ढोल वाजतो, काजूचे कान तिकडे वळतात, मी काही बोलत नाही. तो पाहून घेतो आणि पाहून झाले की माझ्याकडे वळतो. «टप.» त्याला ढोलाकडे पाहू दिले हेच येथे महत्त्वाचे ठरले. आधी मी खाऊ नाकापुढे नाचवून त्याची नजर अडवत होते, त्यामुळे तो चोरून, मान ताणून पाहायचा आणि अधिकच बिथरायचा. ज्याची भीती किंवा उत्सुकता वाटते ते मनसोक्त पाहू दिल्यावर वळण्याचे काम तो स्वतःच करतो.

२४ ऑगस्ट

अंतर थोडे कमी झाले. ढोलापेक्षा ताशाचा त्रास अधिक होतो, असे दिसते. ढोलाचा ठेका एकसारखा असतो, त्याची सवय होते, परंतु ताशाची तर्री, म्हणजे काड्यांचा जलद सलग कडकडाट, मध्येच कडाडते आणि काजू दचकतो. पथक ठेका थांबवून पुन्हा सुरू करते तो क्षण सर्वांत वाईट. म्हणून सराव चालू असतानाच जवळ जायचे आणि थांबण्याआधी मागे यायचे, असा बेत ठेवला आहे. तो नेहमी जमत नाही, कारण पथक आम्हाला विचारून थांबत नाही.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपती. आरतीच्या वेळी काजूला आतल्या खोलीत चघळण्याचे हाड देऊन ठेवले. त्याच्याकडून काहीही अपेक्षा केली नाही. विसर्जनाच्या दिवशी तो फक्त पार्किंगपर्यंत गेला आणि आला.

१४ सप्टेंबर

आज वेताळ टेकडीवर एक गोष्ट उलगडली, जी जूनमध्ये उलगडली असती तर बरेच पनीर वाचले असते.

सकाळी लवकर, पट्टी आणि हार्नेस लावून वर गेलो. टेकडीवर काजूला खाण्यात रस नसतो. पावसानंतरचे ओले गवत, सशाच्या लेंड्या, रात्री कोणी तरी जाऊन आल्याचा वास यांपुढे कोंबडी फिकी पडते. त्याने एकदा वळून पाहिले, मी «टप» म्हणून तुकडा पुढे केला, तर त्याने तो न घेता पुन्हा झुडपाकडे नाक वळवले. पुढच्या वेळी मी तुकडा काढलाच नाही. त्याने पाहिले, मी «टप» म्हणाले, मग «जा» म्हणाले आणि त्याच्याबरोबर झुडपापर्यंत धावले. त्याने जमीन यथेच्छ हुंगली, पाय वर केला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिले. पुन्हा «जा». पुढे तर तो वास लागला की आधी माझ्याकडे पाहू लागला, परवानगी मागितल्यासारखा.

त्याला त्या वेळी जे हवे आहे तेच मोबदला म्हणून द्यावे: फाटकाशी फाटक, टेकडीवर झुडूप, घरात पनीर. सगळीकडे एकच खाऊ घेऊन फिरण्याचा माझा आग्रह सोयीचा होता, एवढेच.

मोबदला म्हणून प्रत्येक गोष्ट देता येत नाही, हेही लगेच कळले. जुन्या खाणीच्या वाटेवर मोर आडवा गेला आणि काजू पट्टीच्या टोकापर्यंत झेपावला. गाठींमुळे माझी पकड टिकली. मोराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याची घरटी जमिनीवरच असतात. काजू कितीही लक्ष देऊ लागला तरी येथे त्याला मोकळे सोडणार नाही.

२८ सप्टेंबर

गल्लीतील कुत्री हा राहिलेला विषय. आमच्या वळणावर तिघे असतात, नसबंदीची खूण म्हणून तिघांच्याही कानांना खाच आहे आणि एरवी ते शांत आहेत. परंतु काजू दोरीला ताण देऊन, छाती काढून समोर गेला की तेही उठतात. सरळ त्यांच्या अंगावर जाण्याऐवजी रस्त्याच्या पलीकडून वळसा घेतला आणि त्यांच्याकडे पाहून काजू वळला की दिशा बदलून चालू लागले. येथे दूर जाणे हाच मोबदला आहे. गाडीच्या आडून कुत्रा अचानक निघाला तर अजूनही काही चालत नाही. तेव्हा मी गप्प राहून, दोरी न झटकता, उलट्या दिशेने निघते.

त्याचे नावही आता हळूहळू परत आणले आहे. दिवसातून अगदी मोजक्या वेळा, तेही तो वळण्याच्या बेतात असतानाच नाव घ्यायचे आणि प्रत्येक वेळी काही तरी चांगले द्यायचे. «काजू, नको» अजूनही बंद आहे.

१२ ऑक्टोबर

सद्यःस्थिती: फाटक, पार्किंग आणि गल्लीच्या शांत टोकाला तो न सांगता वळून पाहतो. विधी महाविद्यालयाच्या रस्त्यावर सकाळी जमते, संध्याकाळी वाहनांच्या गर्दीत जमत नाही. नाव ऐकून गल्लीत मान वळते. पार्क केलेल्या स्कूटरखाली मांजर असेल तर मी नसल्यातच जमा आहे. मुलाच्या हाती दोरी असताना निकाल अर्ध्यावर येतो, कारण तो चालताना मोबाइल पाहतो आणि काजू वळून पाहतो तेव्हा समोर कोणी पाहतच नसते.

पुढच्या आठवड्यात दिवाळी आहे. फटाक्यांच्या काळात सराव करणार नाही. भेदरलेल्या कुत्र्याकडून लक्षाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. २० तारखेला नरक चतुर्दशीला पहाटेच आवाज सुरू होतील, म्हणून त्या दिवसांत फिरणे दुपारी बाराच्या सुमारास ठेवले आहे. हार्नेस आणि गळपट्टा दोन्हींना वेगवेगळ्या दोऱ्या लावायच्या, गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांकाची पट्टी शिवायची, आणि गॅलरीचे दार सायंकाळी पाचनंतर बंद ठेवायचे. सासूबाईंकडील डबीत पनीर भरलेले आहे. औषध संपून दोन महिने होत आल्यामुळे आता त्याला हरकत नाही.